चावी सकाळीच हवी

नऊ चाळीसला मी पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, स्क्रीन उघडला, आणि पहिल्याच ओळीत माझ्या चाचण्यांचा निकाल लागलेला दिसला. ‘आज चार वाजल्यापासून इंटिग्रेशन टेस्ट बिल्डमधून बंद. अठ्ठेचाळीस मिनिटं परवडत नाहीत.’ खाली नाव नव्हतं. गरजही नव्हती. मिनिटं मोजून बोलणारा आमच्याकडे एकच माणूस आहे, आमचा टीम लीडर, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याला आम्ही पाठीमागे घड्याळ म्हणतो, आणि तो माणूस वाईट नाही हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटायचं नाही. मी पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. संताप आला की माझ्या हातांना काम लागतं. एक्केचाळीस टेस्ट. तीन वर्षांत एकेक करून लिहिलेल्या. आमचं सॉफ्टवेअर रक्तपेढ्या वापरतात. कोणती पिशवी कोणत्या फ्रिजमध्ये, कोणत्या गटाची, कोणाच्या नावावर, हे सगळं ते सांभाळतं. सुटे भाग तपासणाऱ्या बारीकसारीक टेस्ट बाकीचे लिहितात. सगळे भाग जोडून, खऱ्यासारखा डेटाबेस उभा करून, पिशवी आत आल्यापासून रुग्णाला दिली जाईपर्यंत सगळं चालवून बघतात त्या इंटिग्रेशन टेस्ट, आणि त्या माझ्या. नवी आवृत्ती आजच पाचला जायची होती. म्हणजे आवृत्ती बांधणाऱ्या बिल्डच्या दाराशी शेवटच्या तासात पहारेकरी नको, असा हुकूम होता.

मी उठून त्याच्या टेबलाशी गेले. ‘‘बंद का करता? दुरुस्त करायला सांगा ना.’’ त्याने स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, ‘‘तीन महिने सांगतोय, ताई. तुम्ही म्हणता, स्वच्छता हवी तर वेळ लागणारच.’’ हे खरं होतं. मी असंच म्हणत आले होते, आणि वर मान करून म्हणत आले होते. ‘‘चारपर्यंत दहा मिनिटांवर आणल्या तर?’’ ‘‘तर ठेवू. पण चार म्हणजे चार.’’ त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

जागेवर येऊन बसले. अठ्ठेचाळीस मिनिटं कुठे जातात हे मला पाठ आहे. प्रत्येक टेस्टआधी मी एक आख्खी खोटी रक्तपेढी उभी करते. बारा फ्रिज, तीनशे चाळीस पिशव्या, दीडशे रक्तदाते. त्याला पासष्ट सेकंद लागतात. टेस्ट स्वतः पाच सेकंदांत संपते. मग सगळी पेढी मोडायची आणि पुढच्या टेस्टसाठी नव्याने बांधायची. एक्केचाळीस वेळा. एकदाच का बांधत नाही? त्याचं उत्तर तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी आहे, आणि ते मला आवडत नाही. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या आमच्या टेस्टची रीत अशी, की प्रत्येक टेस्टसाठी यंत्रणा वर्गाचा, म्हणजे टेस्ट ज्यात लिहिल्या त्या साच्याचा, नवा कोरा ऑब्जेक्ट, म्हणजे राबणारा गडी, तयार करते आणि त्याला लागेल ते त्याच्या हातात ठेवते. डेटाबेसची जोडणी, पिशव्यांचा हिशेब बघणारी सर्व्हिस, सगळं. आपण काही शोधत जायचं नाही, फक्त ‘मला हे लागेल’ असं लिहून ठेवायचं, आणून देणारा आणून देतो. यालाच डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव इंजेक्शनचं असलं तरी सुई टोचत नाही, उलट लाड होतात. पण सगळ्या टेस्टच्या आधी एकदाच करायची तयारी जिथे लिहायची, ती जागा स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टची नव्हे, नुसत्या साच्याची. तिथलं काम होतं तेव्हा एकही ऑब्जेक्ट जन्मलेला नसतो. मग वस्तू द्यायच्या कोणाच्या हातात? मी तिथे पेढी बांधायला गेले आणि सर्व्हिसच्या जागी नल मिळालं. नल म्हणजे काहीच नाही. शून्यसुद्धा नाही. दोन तास डोकं आपटलं आणि मग सगळी तयारी उचलून ‘प्रत्येक टेस्टआधी’ या खणात टाकली. तेव्हा सातच टेस्ट होत्या. आठ मिनिटांत काम व्हायचं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश झाले, आणि पुढे त्याच पळवाटेला स्वच्छता असं भारदस्त नाव दिलं.

बारा वाजेपर्यंत मी तीन आडवाटा करून पाहिल्या. एक झेंडा ठेवायचा, पेढी बांधली असेल तर पुन्हा बांधू नको, असं सांगणारा. ते मला चोरून जिना चढल्यासारखं वाटलं. दुसरी वाट म्हणजे आणून देणाऱ्यालाच पकडून, स्टॅटिक जागेत ओढून, त्याच्या खिशातून वस्तू काढून घ्यायच्या. तिसरी तर सांगण्यालायकही नाही. मी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद केला. सामान आत, हात बाहेर, आणि कपाटाला कुलूप. हे दृश्य मी कुठेतरी पाहिलेलं आहे असं सारखं वाटत होतं. टेबलाच्या कडेला हात टेकला तेव्हा लाकूड गार लागलं, आणि नाकात स्पिरिटच्या दिव्याचा वास आला. आमच्या ऑफिसात स्पिरिट कुठून यायचं?

तो बाबांच्या प्रयोगशाळेचा वास होता. माझे बाबा शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. साध्या भाषेत लॅबचे शिपाई, आणि मुलांच्या भाषेत नुसते ‘लॅबवाले’. मी त्याच शाळेत शिकत होते. कोणी विचारलं, वडील काय करतात, तर मी म्हणायचे, ‘‘शाळेत आहेत.’’ समोरचा समजायचा की शिक्षक असतील. मी त्याला समजू द्यायचे. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, आज पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा लिहिते आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी तीन बॅच असायच्या. कपाटाची चावी त्या त्या बॅचच्या शिक्षकांकडे. शिक्षक यायचे बॅचबरोबरच. बाबा आठ वाजता लॅबमध्ये हजर, आणि समोर कपाट बंद. काचेतून बाटल्या दिसायच्या, हाताला लागायच्या नाहीत. नऊला पहिले शिक्षक कुलूप काढायचे, मग बाबांनी वीस टेबलांवर परीक्षानळ्या, क्षार, आम्लं, दिवे मांडायचे आणि मुलं अर्धा तास बाहेर ताटकळायची. बॅच संपली की सगळं पुन्हा कपाटात, कारण ते शिक्षक चावी घेऊन चालले. दुसऱ्या बॅचला दुसरे शिक्षक, पुन्हा श्रीगणेशा. तिसऱ्या बॅचला तेच. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांचे पाय सुजलेले असायचे. आई म्हणायची, ‘‘त्यांना सांगा की एकदाच मांडून ठेवतो.’’ बाबा म्हणायचे, ‘‘मांडू कशाने? चावी बॅचबरोबर येते.’’

मी दहावीत होते त्या वर्षी त्यांनी मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. अर्ज वगैरे नाही, तोंडीच. मी ऑफिसच्या खिडकीखाली होते म्हणून मला शब्द माहीत आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘कपाटाची चावी तुमच्याकडे कशी देणार?’’ त्या ‘तुमच्याकडे’वरचा जोर मला अजून ऐकू येतो. बाबांचा आवाज चढला नाही. ‘‘सर, बॅच बदलते, शिक्षक बदलतात. मी बदलत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एकच असतो. चावी सकाळीच मला द्या.’’

मी डबा बाजूला सारला. मी बदलत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एकच असतो. मग माझ्या टेस्टच्या वर्गाचा ऑब्जेक्ट दर बॅचला का बदलतो? तो दिवसभर एकच राहिला तर? पहिल्या टेस्टच्या आधी जन्मलेला, शेवटच्या टेस्टनंतर जाणारा? मग तयारीची जागा स्टॅटिक असायचं कारणच उरत नाही. माणूस हजर असेल, त्याच्या हातात सकाळीच चावी पडेल, आणि तो सगळं एकदाच मांडेल. मी टेस्टच्या साधनाची कागदपत्रं उघडली. दहा मिनिटांत सापडलं. वर्गाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, की या आख्ख्या वर्गाला एकच ऑब्जेक्ट पुरे. एक ओळ! गेल्या वर्षी आम्ही टेस्टचं साधन नव्या आवृत्तीवर नेलं तेव्हापासून ही सोय आमच्या घरात पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला स्वतःचा रागही आला आणि हसूही. सॉफ्टवेअरच्या कुठल्याही पदवीधराने मला ती सांगितली नव्हती. सांगितली ती लॅबच्या शिपायाने, खिडकीतून, छत्तीस वर्षांपूर्वी.

ओळ लिहिली. तयारीवरचा स्टॅटिक शब्द खोडला. सर्व्हिस मागितली, ती आली. नल नाही, जितीजागती. पेढी एकदाच बांधली. दोन वाजून पन्नास मिनिटांनी मी बटण दाबलं आणि मांडीवर हात ठेवून बसले. साडेचार मिनिटं. अठ्ठेचाळीसची साडेचार! चाळीस हिरव्या. आणि एक लाल.

तेविसावी. ‘दिलेल्या पिशवीवर एकाच रुग्णाचं नाव असावं’ एवढं साधं तिचं म्हणणं. ओ निगेटिव्ह गटाची एक पिशवी मागायची आणि तिच्यावरची नावं मोजायची. आजवर एक यायचं, आज दोन आली. घड्याळ मागे येऊन उभा राहिलेला मला स्क्रीनच्या काचेत दिसला. ‘‘साडेचार?’’ त्याचा आवाज खरोखर आनंदला होता. ‘‘मानलं तुम्हाला.’’ मग त्याला लाल दिसलं. ‘‘ही एक कशी पडली?’’ ‘‘बघते.’’ ‘‘बघायचं काय त्यात? एकच पेढी सगळ्या वापरतात, कोणीतरी आधीच्या टेस्टने उष्टं सोडलं असेल. ही एक वेगळ्या वर्गात टाका, तिला तिची स्वतंत्र पेढी द्या. हिरवी होईल. अजून तास आहे.’’ तो बरोबर बोलत होता. टाकली असती तर हिरवी झाली असती, शंभर टक्के. मी जिंकलेच होते. सहा मिनिटांत सगळं हिरवं, टेस्ट चालू राहणार, कौतुक होणार. माझं बोट माउसवर होतं. फार मोह झाला, उगाच साधूपणा कशाला दाखवू.

पण मांडणी एकदाच केली की चूकही सगळ्यांना एकदम पोचते, हे मला त्याच दहावीच्या परीक्षेने शिकवलेलं आहे. बाबांना चावी मिळाली होती. शर्टाच्या बटणाला दोरीने बांधून ते ती खिशात ठेवायचे आणि दर पाच मिनिटांनी खिसा चाचपायचे. आईने चेष्टा केली, ‘‘राज्य मिळालंय जणू.’’ त्या दिवशी त्यांनी सकाळी आठलाच वीस टेबलं मांडली, दिवसभराचे क्षार एकदमच भरून. पहिल्या दोन बॅच वेळेवर सुटल्या. मी तिसऱ्या बॅचला होते, बाहेर रांगेत. दारातून मला बाबा दिसले, सहा नंबरच्या बाटलीतला क्षार काचेवर घेऊन बघत होते. मग पाच नंबरचा. मग चमच्याकडे पाहिलं. पाचाचाच चमचा सकाळी सहाच्या बाटलीत गेला होता. दोन बॅचमधल्या ज्या मुलांना सहा नंबरचा क्षार आला त्यांनी चुकीचं उत्तर लिहिलं होतं, आणि कागदावर चूक मुलांची होती. बाबांनी गुपचूप बाटली बदलली असती तर माझी बॅच सुखरूप होती. कोणालाही कळलं नसतं. त्यांनी बाटली हातात घेतली, बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या टेबलाशी गेले, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘‘साहेब, माझ्या हातून भेसळ झाली. आधीच्या मुलांचे मार्क कापू नका.’’ मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे हात पुढे केला. बाबांनी बटणाची दोरी सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला, आणि रांगेतली पोरं बघत होती. माझ्या पुढच्या मुलीने विचारलं, ‘‘कोण गं हे?’’ मी म्हटलं, ‘‘माझे बाबा.’’ पहिल्यांदा म्हटलं. लाज नावाची जी वस्तू मी इतकी वर्षं दप्तरात वागवत होते ती कुठे गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही. अभिमान वाटला. चावी दोन वर्षं गेली. मग नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी न मागता ती आणून बाबांच्या हातात ठेवली.

‘‘वेगळी टाकणार नाही,’’ मी घड्याळाला म्हटलं. ‘‘खऱ्या पेढीत दर रुग्णासाठी नवी पेढी कोणी बांधतं का? एकच असते, दिवसभर. आणि तिथे उष्टं राहत असेल तर?’’ त्याने शेजारची खुर्ची ओढली. आम्ही दोघांनी त्या पिशवीचा माग काढला. दोन नावांपैकी एक तेविसाव्या टेस्टच्या रुग्णाचं. दुसरं सतराव्या टेस्टचं. सतरावी तपासते ते राखीव पिशवी रद्द करणं. डॉक्टरांनी एखाद्या रुग्णासाठी पिशवी राखून ठेवली आणि गरज पडली नाही, तर ती मोकळी करायची. ही सोय याच आवृत्तीत नवी होती. पिशवी मोकळी होत होती, पण पहिल्या रुग्णाचं नाव तिच्यावरून पुसलं जात नव्हतं. ती पुढे दुसऱ्याला दिली की पिशवी एक आणि धनी दोन. सतरावी एकटी हिरवी, तेविसावी एकटी हिरवी. दोघींना स्वतंत्र पेढी दिली म्हणून त्या महिनाभर एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. माझी स्वच्छता! त्या स्वच्छतेनेच ही घाण झाकून ठेवली होती.

रद्द करण्याचा कोड घड्याळाचा होता. त्याचा चेहरा उतरला. हीच वेळ होती, तीन महिन्यांचं उट्टं काढायची. जिभेवर एक फक्कडसा टोमणा आलाही होता. तो मी गिळला. ‘‘कोड तुमचा आहे,’’ मी म्हटलं, ‘‘पण महिनाभर हिरवा शिक्का माझा होता. चूक दोघांची म्हणून लिहा.’’ त्याने फोन उचलला. पलीकडे नव्या आवृत्तीची वाट बघणाऱ्या रक्तपेढीच्या प्रमुख तंत्रज्ञबाई होत्या. ‘‘आवृत्ती आज देत नाही, बाई. उद्या देतो. आमच्याकडे टेस्टमध्ये दोष सापडलाय, एका पिशवीवर दोन नावं येत होती.’’ मला फोनबाहेर ऐकू येईल इतक्या जोरात बाई म्हणाल्या, ‘‘ज्याला सापडलंय ना, त्याला माझा नमस्कार सांगा. उद्या नाही, परवा द्या, पण नीट द्या.’’

चार कधी वाजून गेले ते दोघांनाही कळलं नाही. दुरुस्ती चार ओळींची निघाली. एक्केचाळीस हिरव्या झाल्या तेव्हा घड्याळाने सकाळची ती ओळ खोडली आणि जागी दुसरी लिहिली: ‘इंटिग्रेशन टेस्ट चालू. त्या हिरव्या झाल्याशिवाय आवृत्ती बाहेर जाणार नाही. परवानगी ताई देतील.’ ‘‘बाहेर सोडायचं बटण आता तुमच्याकडे,’’ तो म्हणाला, आणि लाजल्यासारखा होऊन बॅग भरायला लागला. माझा हात आपोआप कुर्त्याच्या खिशाकडे गेला. तिथे काही नव्हतं, तरी चाचपला.

साडेपाचला मी जिन्याजवळच्या खिडकीत उभी राहून घरी फोन लावला. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, माझ्याकडेच असतात. या वेळी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पत्ते खेळायला येतात. माझं काम काय ते बाबांना कधीच नीट कळलेलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, ‘‘कॉम्प्युटरमध्ये काहीतरी आहे.’’ मी त्यांना सांगितलं. ओरडून सांगावं लागतं. रोज दर बॅचला मांडायचे, आता सकाळी एकदाच मांडते. चावी आधी हातात पडते. दोन बाटल्यांत भेसळ होती, ती पकडली, सगळ्यांसमोर सांगितली. ते ऐकत होते. मला वाटलं, आता शाबास म्हणतील. मी एकावन्न वर्षांची बाई, कठड्याला टेकून शाबासकीची वाट बघत होते. ते म्हणाले, ‘‘एकदाच मांडतेस ते ठीक. चमचा प्रत्येक बाटलीला वेगळा ठेवलास ना?’’

मी ‘हो’ म्हणणार होते. ‘‘थांबा, बघून सांगते.’’ ‘‘बघ. मी धरून आहे.’’ मी फोन तसाच घेऊन टेबलाशी गेले, यादी उघडली, एक्केचाळीस टेस्ट एकेक करून पाहिल्या. प्रत्येकीचा रुग्ण वेगळा, नाव वेगळं. फक्त नववी आणि तिसावी एकच खोटा रुग्ण वापरत होत्या. आज काही बिघडलं नव्हतं, उद्या बिघडलं असतं. मी तिसावीला नवा रुग्ण दिला, सगळ्या पुन्हा चालवल्या. साडेचार मिनिटं. फोनमध्ये बाबांचा श्वास आणि पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. ‘‘एका ठिकाणी नव्हता, बाबा. आता ठेवला.’’ ‘‘हं,’’ ते म्हणाले. ‘‘मग ये घरी.’’

फोन ठेवायचं त्यांना जमत नाही, नुसता बाजूला ठेवतात. पोस्टमास्तरांचा आवाज आला, ‘‘कोणाचा एवढा वेळ फोन? काय म्हणते लेक?’’ मी बंद करणार होते, पण बोट थांबलं. बाबा पत्ता टाकत होते. पत्ता टेबलावर आपटल्याचं मला ऐकू आलं, आणि मग त्यांचा आवाज, लॅबमध्ये असायचा तसा, न चढवलेला.

‘‘कामावर आहे. माझंच काम करते ती.’’